मोफत दाताचा डॉक्टर कुठे गेला?

(पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण वाचा.)

मागे ग्रामीण रुग्णालयांवर लिहिलं होतं, तेव्हा बऱ्याच जणांनी एकच मागणी केली. दातांचे उपचार महात्मा फुले योजनेत घाला. मागणी रास्त आहे. दाताची रूट कॅनाल आणि वर कॅप म्हटलं की शेतमजुराच्या घरातली कित्येक दिवसांची मजुरी एका दातात जाते. म्हणून आपल्याकडे माणूस आधी लवंग धरतो, मग मेडिकलमधून गोळी आणतो, आणि गाल सुजला की दात काढून मोकळा होतो. वाचवता येणारे दात आपण पैशापायी काढून टाकतो, हे कुठल्याही गावात विचारा.

पण "योजनेत घाला" एवढं म्हणून भागतं का? याचं उत्तर शोधताना मी एका देशाचा इतिहास वाचत गेलो. त्या देशाने दातांचे उपचार सरकारी खर्चात ७५ वर्षांपूर्वीच घातले. आणि आज तिथे सरकारी दरात दात बघणारा डॉक्टर मिळणं मुश्कील झालंय. तो देश म्हणजे इंग्लंड.

फेब्रुवारी २०२४ मधली गोष्ट. ब्रिस्टल शहराच्या सेंट पॉल्स भागात एक दातांचा दवाखाना उघडला. त्या जागेवरचा आधीचा दवाखाना काही महिन्यांपूर्वी बंद पडला होता. नवा दवाखाना सरकारी योजनेतले पेशंट घेणार, अशी बातमी पसरली आणि फुटपाथवर शेकडो माणसांची रांग लागली. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया, कामावर दांडी मारून आलेले लोक. रांग सांभाळायला पोलिसांना यावं लागलं. आपल्याकडे अशी रांग खताला लागते, तिथे ती दाताच्या डॉक्टरला लागली. श्रीमंत देशात असं का व्हावं?

यासाठी मागे जावं लागेल.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या गरिबांचे दात आपल्या गरिबांपेक्षा बरे नव्हते, उलट साखरेमुळे जास्तच किडलेले. बोअर युद्धाच्या वेळी सैन्यात भरती व्हायला आलेली पोरं दातांमुळे नापास व्हायला लागली, तेव्हा सरकारचे डोळे उघडले. दात काढायचं काम तिथेही वाटेल तो करायचा. १९२१ च्या कायद्याने नोंदणी नसलेल्यांना हा धंदा बंद केला. पण डॉक्टरला द्यायला पैसे नसले की कायद्याचा काय उपयोग? कामगार वस्त्यांमध्ये एक रीतच पडली होती. पुढे दुखणं आणि खर्च नको म्हणून तरुणपणीच सगळे दात काढायचे आणि कवळी बसवायची. काही भागांत तर लग्न ठरलेल्या मुलीला किंवा एकविसाव्या वाढदिवसाला ही भेट म्हणून दिली जायची. नवऱ्याला पुढे दातांचा खर्च नको, हा हिशेब!

५ जुलै १९४८ ला तिथे राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, जिला सगळे एनएचएस म्हणतात. तेव्हाचे आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हन. खाणकामगाराचा मुलगा, स्वतःही कोवळ्या वयात खाणीत उतरलेला. डॉक्टर, औषध, ऑपरेशन, चष्मा, दात, सगळं मोफत. पैसा सरकारी तिजोरीतून.

आता इथे एक बारीक गोष्ट झाली आणि पुढचा सगळा इतिहास तिच्यावर उभा आहे. रुग्णालयं सरकारने ताब्यात घेतली. दातांचे दवाखाने मात्र घेतले नाहीत. दातांचा डॉक्टर सरकारी नोकर झाला नाही, तो कंत्राटदार राहिला. जागा त्याची, खुर्ची त्याची, मदतनीसाचा पगार त्याच्या खिशातून. सरकारने फक्त दरपत्रक लावलं. इतके दात काढले, इतके पैसे. इतके भरले, इतके पैसे. किती सरकारी काम करायचं आणि किती खासगी, हे डॉक्टरच्या हातात.

सुरुवातीला डॉक्टर फार उत्सुक नव्हते. त्यांच्या संघटनेचा विरोधच होता. पण पेशंटच सरकारी दाराला जायला लागले, म्हटल्यावर काही महिन्यांत बहुतेक डॉक्टर आत आले. आणि मग जो लोंढा आला! वर्षानुवर्षं तोंडातल्या तोंडात सोसलेलं दुखणं एकदम बाहेर आलं. लाखो कवळ्या बनल्या. खर्च अंदाजाच्या कितीतरी पट वर गेला. लोक चैन करत होते असं नाही, आजवर कुणी मोजलंच नव्हतं एवढं दुखणं साठलेलं होतं. सरकारने काय केलं? डॉक्टर फार कमावतात असं म्हणत दर कापले. ही पहिली कापाकापी.

दुसरी १९५१ ची. कोरियाचं युद्ध सुरू होतं. ब्रिटनने तीन वर्षांत सुमारे ४७० कोटी पौंड संरक्षणावर घालायचं ठरवलं. अर्थमंत्री ह्यू गेट्सकेल यांनी अर्थसंकल्पात कवळी आणि चष्मा यांच्या खर्चाचा साधारण निम्मा भाग पेशंटकडून घ्यायचं जाहीर केलं. त्यातून पहिल्या वर्षी वाचणार होते सुमारे १ कोटी ३० लाख पौंड. ४७० कोटींपुढे हे म्हणजे दात कोरून पोट भरण्यातला प्रकार. बेव्हन तेव्हा कामगारमंत्री होते. त्यांनी एप्रिल १९५१ मध्ये राजीनामा दिला. त्यांच्यासोबत हॅरॉल्ड विल्सनही बाहेर पडले, जे पुढे पंतप्रधान झाले. कवळीच्या पैशावरून कॅबिनेट मंत्री राजीनामा देतो, हे आपल्याला गमतीचं वाटेल. पण त्यांचं म्हणणं साधं होतं. मोफत सेवेला एकदा भोक पडलं की ते मोठंच होत जातं.

तसंच झालं. त्याच वर्षी सरकार बदललं आणि १९५२ मध्ये दातांच्या इतर उपचारांनाही एक पौंडापर्यंत आकार लागला. तेव्हापासून आजवर इंग्लंडमध्ये दात "मोफत" नाहीत. मुलं, गरोदर बायका, ठरावीक मदत घेणारे गरीब सोडले तर प्रत्येकाला वाटा द्यावा लागतो.

तरीही मी म्हणेन, या योजनेने काम केलं. १९६८ मध्ये इंग्लंड आणि वेल्समधल्या १०० प्रौढांपैकी ३७ जणांच्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता. २००९ च्या पाहणीत हेच प्रमाण ६ वर आलं होतं. त्यात फ्लोराइडवाल्या टूथपेस्टचा मोठा वाटा आहे, पण दात काढण्याऐवजी भरणारा डॉक्टर गल्लीत होता, हेही आहे. म्हणजे सरकारी खर्चात दात सांभाळता येतात. "हे होणारच नाही" म्हणणाऱ्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत.

मग बिघडलं कुठे? माझ्या वाचनात तीन टप्पे दिसतात.

पहिला १९९० चा. सरकारने नवा करार केला. नुसतं कामागणिक पैसे नकोत, पेशंटची नोंदणी करा, त्याची कायम काळजी घ्या, त्याचे वेगळे पैसे देऊ. कल्पना चांगली. डॉक्टरांनी जोमाने नोंदण्या केल्या, काम केलं. बिल सरकारच्या अंदाजापेक्षा जास्त आलं. १९९२ मध्ये सरकारने दर ७ टक्क्यांनी कापले. म्हणजे सांगितलेलं काम जास्त केलं म्हणून शिक्षा! डॉक्टर चिडले. बरेच जण तेव्हापासून खासगीकडे सरकले. दरमहा ठरावीक पैसे भरा आणि दात दाखवा, अशा डेनप्लॅनसारख्या खासगी योजना आधीच बाजारात आल्या होत्या, त्यांना बरकत आली. कुठलाही कायदा बदलला नाही, कुणी मोर्चा काढला नाही. एकेका दवाखान्याने हळूच प्रौढ सरकारी पेशंट घेणं थांबवलं, एवढंच.

१९९९ मध्ये पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी पक्षाच्या अधिवेशनात शब्द दिला की दोन वर्षांत प्रत्येकाला एका फोनवर सरकारी योजनेतला दातांचा डॉक्टर मिळेल. २००४ मध्ये स्कारबरो या समुद्रकाठच्या गावात नवा दवाखाना उघडला तेव्हा शेकडो लोक रस्त्यावर रांगेत उभे होते. त्या फोटोंनी तिथले पेपर भरले. ब्रिस्टलच्या रांगेच्या २० वर्षं आधीची ही रांग.

दुसरा टप्पा एप्रिल २००६ चा, आणि तो सगळ्यात महत्त्वाचा. जुनी यादी सुमारे ४०० कामांची होती. ती गुंडाळून सरकारने सगळी कामं तीन गटांत बसवली आणि प्रत्येक गटाला गुण दिले. नुसती तपासणी, १ गुण. दात भरणे, काढणे, रूट कॅनाल, ३ गुण. कॅप, कवळी, १२ गुण. वर्षाला इतके गुण पूर्ण करा, इतके पैसे घ्या. कमी पडले तर पैसे परत करा.

आता दवाखान्यात बसल्यासारखा विचार करा. एक पेशंट येतो, एक दात भरायचा आहे. अर्ध्या तासात काम होतं. ३ गुण. दुसरा येतो, दहा वर्षांत डॉक्टरकडे फिरकलेला नाही, सहा दात किडलेत, एकाला रूट कॅनाल. त्याला चार-पाच वेळा बोलवावं लागेल. गुण किती? तेच ३. आणि दात वाचवायला तास-दीड तास घालवला काय किंवा दहा मिनिटांत उपटला काय, गुण सारखेच. मग काय होणार? ज्याला डॉक्टरची सगळ्यात जास्त गरज, तोच पेशंट सगळ्यात तोट्याचा. आणि गरीब वस्तीत असेच पेशंट जास्त. २००८ मध्ये तिथल्या संसदेच्या आरोग्य समितीने या करारावर कडक टीका केली. तरी सांगाडा तोच राहिला. २०२२ मध्ये कुठे तीन किंवा जास्त दात भरायचे असतील तर ५ गुण, अशी दुरुस्ती झाली. सोळा वर्षांनी!

त्यात आणखी एक गंमत. एका गुणाचे पैसे सगळीकडे सारखे नाहीत. दवाखान्याने करारापूर्वी किती काम केलं होतं, त्यावरून दर ठरला. शेजारशेजारच्या दोन दवाखान्यांना एकाच कामाचे वेगळे पैसे.

तिसरा टप्पा कोरोनाचा. २०२० मध्ये दवाखाने बंद राहिले, किडलेले दात थांबले नाहीत. नंतर साठलेलं काम दुप्पट आणि दर जुनेच. सरकारी काम सोडून खासगीकडे जायचा जो विचार डॉक्टर करत होते, तो अनेकांनी अमलात आणला. ऑगस्ट २०२२ मध्ये बीबीसीने ब्रिटनभरातले हजारो दवाखाने फोन करून तपासले. १० पैकी ९ दवाखाने नवे प्रौढ सरकारी पेशंट घेत नव्हते. घरीच पक्कड लावून दात उपटणाऱ्यांच्या बातम्या आल्या. लहान मुलांचं तर असं की ५ ते ९ वयोगटातली पोरं तिथे रुग्णालयात भरती होतात, त्याचं सगळ्यात मोठं कारण किडलेले दात आहे.

आणि डॉक्टर कमी झालेत का? नाही. नोंदणी असलेले दातांचे डॉक्टर तिथे पूर्वीपेक्षा जास्तच आहेत. पैसे देणाऱ्याला डॉक्टर मिळतो, त्याच गल्लीत, कधीकधी त्याच खुर्चीत. आणखी कडू गोष्ट सांगतो. दवाखान्यांना गुण पूर्ण करता येईनात म्हणून दातांसाठीचे कोट्यवधी पौंड न वापरता परत गेले. बाहेर रांग आणि आत निधी पडून. मार्चएंडला निधी परत जाण्याच्या बातम्या आपण कितीदा छापल्यात! तिथलं चित्र बघून मला परकं काहीच वाटलं नाही.

हक्क रद्द करायला सरकारला धाडस लागतं. दर कमी ठेवायला काहीच लागत नाही. आजही इंग्लंडमध्ये कुठल्याही मंत्र्याने "दातांची सेवा बंद" असं म्हटलेलं नाही. कागदावर ती आहेच. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

आता आपल्याकडे येऊ.

आपलाही इतिहास त्याच वर्षांत सुरू होतो. १९२० मध्ये डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यात देशातलं पहिलं दंत महाविद्यालय काढलं. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाने दातांचीही दखल घेतली. तेव्हा काही लाख लोकांमागे दातांचा एक शिकलेला डॉक्टर होता. १९४८ मध्ये, म्हणजे एनएचएस सुरू झाली त्याच वर्षी, आपण दंतवैद्यक कायदा केला. फरक बघा. त्यांनी पेशंटला हक्क दिला, आपण डॉक्टरची नोंदणी केली. दोन्ही गरजेचं होतं, पण आपण तिथेच थांबलो.

पुढे महाराष्ट्रात १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित महाविद्यालयांचं दार उघडलं. इंजिनिअरिंग, मेडिकल, आणि ओघाने डेंटल. आज देशात ३०० हून जास्त दंत महाविद्यालयं आहेत आणि त्यातली बहुतेक खासगी. सरकारी महाविद्यालयं आपल्या राज्यात मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशी बोटावर मोजण्याइतकी. त्यामुळे आपल्याकडेही डॉक्टरांचा तुटवडा राहिलेला नाही. पण घरच्यांनी जमीन विकून नाहीतर कर्ज काढून शिकवलेला पोरगा, पुन्हा कर्ज काढून खुर्ची आणि एक्स-रे घेतो, तो शहरात नाहीतर तालुक्याच्या मुख्य रस्त्यावरच बसणार. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या शिक्षणात सरकारचा पैसा नाही, तर गावात बस म्हणायचा अधिकारही सरकारला उरत नाही.

जुलै २०१२ मध्ये राज्यात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत आली, पुढे राज्यभर, आणि २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. योजना मोठी आहे, तिने अनेकांचे जीव वाचवलेत. पण ती मुळात भरती होऊन करायच्या शस्त्रक्रियांसाठी आखलेली. दाताचं दुखणं खुर्चीत बसून बरं होणारं. म्हणून रूट कॅनाल बाहेर. तोंडाचा कॅन्सर झाला तर ऑपरेशन आत. ज्या महिन्यात ही योजना आली, त्याच महिन्यात राज्यात गुटखाबंदीही आली. गुटखा कुठे कुठे मिळतो हे मी सांगायची गरज नाही. तर तोंडात पांढरा चट्टा असताना दाताच्या डॉक्टरने वेळीच बघावं, याची सोय योजनेत नाही. चट्ट्याची गाठ झाली की मग सरकार खर्च करतं.

म्हणून मागणी रास्तच. पण नुसती "योजनेत घाला" अशी मागणी केली तर काय होईल, ते इंग्लंडने दाखवलंय. अंगीकृत रुग्णालयांचा अनुभव आपल्यालाही आहेच. दर परवडत नाही, बिलं वेळेवर निघत नाहीत, ही त्यांची तक्रार जुनी. आरटीईच्या २५ टक्के जागांचं काय झालं? परतावा थकला की शाळांची कुरकुर सुरू, आणि २०२४ मध्ये सरकारने खासगी शाळांना सूट द्यायचा प्रयत्न केला, तो मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला. खासगी माणसाच्या हातून सरकारी हक्क द्यायचा तर त्याला खर्चाएवढे पैसे वेळेवर द्यावे लागतात. नाहीतर फलक भिंतीवर राहतो आणि पेशंट पायरीवर.

माझं म्हणणं एवढंच, की पहिली मागणी सरकारच्या स्वतःच्या खुर्चीची हवी. पगारी डॉक्टरला तुमचा दात तोट्याचा पडत नाही. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत दातांचा विभाग असायला हवा, आणि अनेक ठिकाणी तो आहेही. तो चालतो का, हा प्रश्न आहे. तर आपापल्या तालुक्यात जाऊन एवढं विचारून या :

१. दातांच्या डॉक्टरचं पद मंजूर आहे का? भरलेलं आहे का? डॉक्टर आठवड्यातून किती दिवस बसतात?
२. खुर्ची चालू आहे का? कॉम्प्रेसर, दाताचा एक्स-रे चालू आहे का, की वर्षभर "दुरुस्तीला गेलाय"?
३. गेल्या वर्षी किती दात काढले आणि किती भरले? रूट कॅनाल एक तरी झाली का?
४. दात भरायचं साहित्य शेवटचं कधी आलं?

तोंडी सांगितलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, दहा रुपयांचं काम आहे. तिसरा प्रश्न नीट विचारा. काढलेले दात शेकड्यात आणि भरलेले बोटांवर, असं उत्तर आलं तर समजा की आपल्या रुग्णालयात १९४७ सालचं इंग्लंड चालू आहे.

मिळालेली उत्तरं तालुक्याच्या नावासह मला पाठवा. सगळी एकत्र करून जिल्हा शल्यचिकित्सकांकडे घेऊन जाऊ आणि त्यांचं म्हणणंही इथेच छापू. त्यानंतर योजनेत दात घालायची मागणी आमदारांकडे करू, आणि ती करताना दर किती आणि बिल किती दिवसांत, हे दोन आकडे लेखी मागू.